एकतिसाव्या मिनिटाचं कार्ड

"चूक झाली असं मी लिहून देणार नाही," चष्म्याच्या दुकानाचा मालक हातातली काच पुसत म्हणाला. "कारण चूक झालीच नव्हती."

समोर बसलेल्या इंजिनाच्या कपाळावरची शीर टरारून फुगली. चौदा वर्षं व्यावसायिक फुटबॉलमध्ये मधल्या फळीत तो न थकता धावला, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. चारशे अकरा सामने. दोन्ही पायांनी अचूक पास. कधी कुणाला शिवी दिली नाही, निदान रेफरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तरी नाही. या सगळ्या कारकिर्दीला डाग एकच, शेवटच्या सामन्यात एकतिसाव्या मिनिटाला मिळालेलं लाल कार्ड. ते दाखवणारा रेफरी आता हे दुकान चालवत होता.

रेफरीने म्हातारपणी चष्मे विकावेत, यावर इंजिनाने गेली कित्येक वर्षं इतके विनोद केले होते की मित्रांना ते तोंडपाठ झाले होते. आज मात्र त्याला एकही सुचत नव्हता. क्लबच्या नव्या स्टँडला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं आणि क्लबचा नियम मोठा कडक होता. ज्याला एकदा का होईना मैदानाबाहेर काढलंय, त्याचं नाव भिंतीवर लागत नाही. सेक्रेटरीने एकच वाट दाखवली होती. खेळाडूचा दोष नव्हता असं खुद्द रेफरीने लिहून द्यावं, खाली एका साक्षीदाराची सही असावी आणि कागद आज पाचच्या बैठकीत यावा. आता साडेतीन वाजले होते.

साक्षीदार म्हणून त्याने बायकोला आणलं होतं. एरवी फुटबॉलचा विषय निघाला की तिला हमखास कपडे वाळत घालायचे आठवत. आज मात्र ती त्याच्याआधी चपला घालून दारात उभी होती. इंजिनाला भरून आलं होतं.

दुकानात शिरल्या शिरल्या रेफरीने तिला खुर्ची पुढे केली होती आणि विचारलंही होतं तिलाच, "वहिनी, गुडघा काय म्हणतो यांचा?"

"तीन जिने चढतात," ती म्हणाली.

रेफरीने समाधानाने मान हलवली. जखमेवर मीठ चोळायची ही तऱ्हा इंजिनाला मुळीच आवडली नव्हती.

तरीही त्याने राग गिळला आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. समोरचा गडी त्याच्यापासून चांगला दोन हात लांब होता. स्वतःच्याच बुटाच्या सुटलेल्या नाडीवर पाय देऊन पडला. कार्डामुळे उरलेल्या मोसमाची बंदी आली, करार संपला, दुसऱ्या क्लबने दोन वर्षांसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. आणखी दोन वर्षं, म्हणजे निदान साठ सामने. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको त्याच्या गळ्यात पडून अशी काही रडली की आपलं दुःख बाजूला ठेवून त्यालाच तिची समजूत घालावी लागली. हा भाग सांगताना त्याचा आवाज नेहमी कापायचा, आजही कापला.

"डाव्या बुटाची नाडी," रेफरी म्हणाला.

इंजिन ताडकन उठला. "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"स्वच्छ दिसलं होतं."

"मग चूक नाही कशी?"

रेफरीने हातातली काच खाली ठेवली. तो इंजिनाच्या बायकोकडे बघत होता. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "चूक असं लिहूच नका. जे झालं तेवढं लिहा."

"सगळं?"

"सगळं. आता छप्पन्न वर्षांचे झालेत. झेपेल त्यांना."

बायको असावी तर अशी, इंजिनाला वाटलं. बावीस वर्षं ज्या दगडाला पाझर फुटला नव्हता, त्याला तिने दोन वाक्यांत वळवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून रेफरीने एवीतेवी आलाच आहात तर नंबरही काढून घ्या म्हणत त्याला आतल्या खुर्चीत बसवलं आणि तपासणीची जड चौकट नाकावर चढवली. खेळाडूला चष्मा शोभत नाही, या हट्टापायी इंजिन दोन वर्षं पेपर हातभर लांब धरून वाचत होता. आज त्याने हूं की चूं केलं नाही.

भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता त्याला स्टँडवरची अक्षरं दिसू लागली. ती फूटभर तरी उंच असावीत असं त्याला वाटलं. मागे कागदावर पेन चालत होतं, मधेच थांबत होतं. बायकोने हलक्या आवाजात एक तारीख सांगितली. मग तिच्याही सहीचा आवाज आला.

"घ्या, आता जवळचं वाचून बघा," रेफरीने काचा बदलल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.

अक्षरं लख्ख दिसत होती. असा कागद मनातल्या मनात वाचायचा नसतो, म्हणून इंजिनाने घसा साफ केला. बायकोने पर्स काखेत घेतली आणि खुर्ची दाराच्या बाजूला सरकवली.

"'एकतिसाव्या मिनिटाला मी या खेळाडूला लाल कार्ड दाखवलं,'" तो खणखणीत आवाजात वाचू लागला. "'त्याने फाउल केला नव्हता. हे मला कार्ड दाखवतानाही माहीत होतं. सामन्याआधी त्याच्या पत्नी, म्हणजे खाली सही करणाऱ्या साक्षीदार, डॉक्टरांचा कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या होत्या. म्हणाल्या, गुडघ्याची वाटी संपलीय, आणखी खेळले तर जन्मभर कुबड्या घ्याव्या लागतील, माझं काही हे ऐकत नाहीत, पण तुमची शिट्टी ऐकतील.'"