पेट्यांना ओल बाधते

दोरीवर वाळत घातलेली बाळाची दोन्ही दुपटी जागेवर नव्हती. सुमननं मागचं अंगण पाहिलं, शेजारच्या वंदनाच्या गच्चीवर नजर टाकली. वाऱ्यानं उडाली म्हणावं, तर नवतप्यात, मे अखेरच्या या नऊ भाजत्या दिवसांत, वारा कसला, नुसत्या झळा. शेवटी ती पुढच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. तिच्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या, दोन्ही सागवानी स्पीकरच्या पेट्यांना ती दुपटी गुंडाळलेली होती. कडा आत खोचून, मागून सेफ्टी पिना लावून. पोटच्या पोरीला या माणसानं कधी एवढ्या निगुतीनं गुंडाळलं नव्हतं.

"कूलर लावायचाच म्हणालीस ना," वामनराव खुर्चीतून म्हणाले. "मग पेट्यांना ओल लागायला नको."

कूलरवरून नवतपा लागल्यापासून घरात धुसफूस चालली होती. इतवारा मोहल्ल्यातलं हे घर बोळासारखं लांबट. खिडकी एकच, ती पुढच्या खोलीला, म्हणजे कूलर बसणार तो तिथंच. आणि त्याच खोलीत या पेट्या. कूलरची ओली हवा स्पीकरच्या पुठ्ठ्यात शिरते आणि आवाज बसतो, असं वामनरावांनी धरून ठेवलं होतं. कुणी सांगितलं? कुणी नाही. मनानंच घेतलेलं. म्हणून त्यांनी कूलरचा पंप काढून कपाटात कुलूपबंद केला होता आणि कूलर नुसती गरम हवा फेकत बसला होता. असली खुळं एक का होती! एकाच सुताराच्या हातच्या पेट्या, पण डावी म्हणे उजवीपेक्षा गोड. ट्यूबलाइट लावली की म्हणे गाण्यात तिची गुणगुण शिरते, म्हणून संध्याकाळ अंधारात. जावयानं हौसेनं आणलेला छोटा स्पीकर 'डबडं' म्हणून फ्रिजवर टाकलेला. लोक सुमनला म्हणायचे, नशीबवान आहेस, दारू नाही, पत्ते नाहीत, माणूस गाणं ऐकतो. तीही तसंच म्हणत आली.

पण आता मृणाल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन आठवड्यांची पोर. मानेपासून पाठीपर्यंत घामोळ्यांनी लाल झालेली. दूध ओढेना, झोपेना, रडून रडून आवाज बसला होता, आणि तो आवाज बसला याचं वामनरावांना काही नव्हतं. सकाळी खंडव्याहून जावयाचा, रोहितचा, फोन आला. आमच्याकडे एसी आहे, संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला. मृणाल त्याला नको म्हणाली नाही. सव्वा महिना व्हायच्या आत लेक माहेरातून परत जाणार, का, तर आईबापाच्या घरी गार वारा नाही. सुमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कपाटाचं कुलूप बत्त्यानं फोडलं आणि पंप बसवून घेतला आणि ती आत पोरीला बघायला गेली. तेवढ्या वेळात या माणसानं हे करून ठेवलं होतं.

"आणि बाळाला काय गुंडाळू?" तिनं विचारलं.

"तिला तर गरमच होतंय," वामनराव शांतपणे म्हणाले. "तिला कशाला दुपटं?"

मृणाल आतल्या दारात पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. ती वळली आणि पिशवीत कपडे भरू लागली.

सुमनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं पिना उपसल्या, दुपटी ओढून काढली, तारा खेचल्या. तांब्याची तार आहे, असं वामनराव म्हणत राहिले. गव्हाच्या पोत्यासारखी जड पेटी तिनं पोटाशी धरून उचलली आणि रस्त्याकडच्या ओट्यावर रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली. मग दुसरी.

"ओलीची भीती ना तुम्हाला? घ्या. इथं थेंबभर ओल नाही."

लाकूड तडकेल, असं ओरडत वामनराव छत्री घेऊन अनवाणी बाहेर धावले. सुमननं मागून कडी घातली. टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं. कूलरच्या जाळीतला वाळा भिजला, खोलीभर त्याचा वास सुटला. पोरीनं दोनचार हुंदके दिले, मग आईच्या छातीला तोंड लावलं आणि पिता पिताच डोळे मिटले. मृणालनं एका हातानं फोन लावला.

"रोहित, आज रहने दो. छकुली सोई है."

सुमन नवऱ्याच्या खुर्चीत बसली. बाहेरून शेजारच्या गिरधरचा आवाज आला, पेट्या विकायला काढल्या का म्हणून. बराच वेळ गेला. राग होता तिथंच होता, पण पासष्टीचा माणूस, पायात काही नाही, आणि हे असलं ऊन. लू लागली म्हणजे? तिनं माठातलं पाणी पेल्यात भरलं. तेवढ्यात दारावर हलकेच थाप पडली.

आले शुद्धीवर, असं तिला वाटलं. पोरीला बघायला आले असतील. माफी नाही मागितली तरी चालेल, मुकाट आत आले तरी पुरे. तिनं कडी काढली.

वामनरावांचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. फरशी पोळत होती म्हणून ते एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होते. मागं ओट्यावर एक पेटी छत्रीखाली होती. दुसरीवर त्यांनी अंगातला सदरा काढून घातला होता.

"अजून एक छत्री आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

सुमननं दार लावलं. अगदी हळू लावलं, कारण पोरीची झोप अजून कच्ची होती. मग हातातला पाण्याचा पेला तिनं मृणालला दिला.