भिंतीपलीकडचा राग

गाण्याच्या क्लबच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आजोबा, तिकडे गाणं सुरू झालं की इकडून बत्त्याने भिंत ठोकायचे. पुढे क्लब बंद पडून त्याचं संग्रहालय झालं. क्लबच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जिथंतिथं ते ठोके ऐकू आले. संग्रहालयाच्या बाई घरी आल्या.

"रोज संध्याकाळी ठोकाल का? त्याशिवाय गाणी अर्धवट वाटतात."

"अहो, मी रागानं ठोकायचो."

"तोच तर जपायचाय."

आजोबा तयार झाले, पण आता राग काही येईना. म्हणून त्यांनी घरातल्या दुसऱ्या भिंतीवर रियाज सुरू केला. काल त्या भिंतीपलीकडून कोणीतरी धाडधाड ठोकलं.

आजी दचकल्या. आजोबा भिंतीला कान लावून बसले.

"वारस मिळाला," ते म्हणाले. "ताल कच्चा आहे, पण राग अस्सल आहे."