तारेच्या आतला गाळ

महेजबीनने दोन्ही नळ्यांत रसायनाचे थेंब सोडले आणि हात मागे घेतले.

ग्रामपंचायतीच्या टेबलाभोवती माणसं दाटली होती. सोलापुरातून येणारी ही पोरगी पावसाळी तळ्याचा गाळ तपासते, एवढं गावाला ठाऊक होतं. आज ती मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्या अक्कम्माच्या बाजूने उभी होती. यंदा तळं भरलं आणि लगेच हिरवंगार झालं. अक्कम्माच्या मेंढरांनी पाणी नासवलं असं गावाने ठरवलं आणि तिच्या कळपाला तळं बंद केलं. खतासाठी रानात मेंढरं बसवणारेही तिला टाळू लागले.

अक्कम्मा दाराशीच उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"सरपंच, हा गाळ कुणी काढला?" महेजबीनने विचारलं.

"म्याच की," ईश्वरप्पा म्हणाले. "तळ्याच्या कोपऱ्याला रेल्वेचं तारंचं कुंपन हाय, त्याच्या आतनं. तितं मेंढरू काय, कुत्रंबी शिरत न्हाय."

"त्यातला निम्मा ओलाच ठेवला. निम्मा तुमच्या घराच्या माळवदावर उन्हात कडक वाळवला. काल दोन्हींवर सारखंच स्वच्छ पाणी ओतलं. ते गाळून या नळ्यांत घेतलंय. पाणी हिरवं व्हायला फॉस्फरस लागतो. तो असेल तर नळी निळी होईल."

"आन् न्हाय झाली तर?" मागून बिरुदेवने विचारलं; यंदा त्यानेही रानात तिची मेंढरं बसवली नव्हती.

"तर मी चुकले. बंदी राहू द्या."

अक्कम्माने चमकून तिच्याकडे पाहिलं.

नळ्या होत्या तशाच राहिल्या. कुणीतरी खुदकन हसलं. महेजबीनने घड्याळाकडे पाहिलं. प्रयोगशाळेत तिने हे कितीदा केलं होतं. पण तिथे दारात कुणी असं उभं नसायचं.

मग एका नळीत फिकट निळं काही उमटलं. बघता बघता ते दाट झालं, शाईसारखं. दुसरी नळी जेमतेम निळसर झाली.

"निळी कंची?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"वाळलेल्या गाळाची. उन्हाळ्यात तळं आटतं, गाळातले बारीक जीव मरतात. पाणी आलं की त्यांच्यातला फॉस्फरस एकदम सुटतो. लेंड्यांनी थोडी भर पडते, नाही कशाला म्हणू? पण तळं हिरवं केलं ते त्याच्याच गाळाने. हिरवं पाणीही तपासून आणलंय. जनावरांना धोका नाही."

ईश्वरप्पांनी नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग गर्दीकडे वळले. "गाळ मी सोता काढलाय. बंदी उठली!"

खोलीत एकच गलका झाला. महेजबीन दाराकडे धावली आणि अक्कम्माचे दोन्ही हात धरून हसत सुटली. म्हातारी नुसती मान हलवत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

बिरुदेव गर्दीतून वाट काढत पुढे आला. "अक्कम्मा, आज मेंढरं माज्या रानात बसवतीस का?"

"आदी माज्याकडं," दुसरा म्हणाला. "माजं रान तळ्याला लागून हाय."

अक्कम्माने काठी खांद्यावर घेतली आणि पदर खोचला.

"येईन की. समद्यांकडं येईन," ती म्हणाली. "आदी पानी पिऊ द्या त्यास्नी."