बुडण्याचा शॉट

पोहण्यात अकरा सुवर्णपदकं मिळवलेल्या ताई आता टीव्ही मालिकेत काम करत होत्या. आज त्यांना बुडायचं होतं, पण काही केल्या जमेना. पाण्यात पडल्या की हातपाय आपोआप चालायचे. शेवटी दिग्दर्शकाने त्यांची डुप्लिकेट म्हणून एका मुलीला तलावात उतरवलं. ती गटांगळ्या खाऊ लागली तसे सगळे खूश झाले. ताई मात्र गोंधळल्या. हा अभिनय, की खरंच? काही ठरायच्या आतच त्यांनी उडी मारली होती.

"तुम्हाला बुडता येत नाही, निदान तिला तरी बुडू द्या!" दिग्दर्शक खेकसला.

आपण उडी का मारली, हे ताईंनाच सांगता येईना. त्या ओशाळून माफी मागू लागल्या. तेवढ्यात गळ्याला घट्ट बिलगलेली ती मुलगी त्यांच्या कानात पुटपुटली, "ताई, सोडू नका. पोहता येतं असं मी खोटंच सांगितलं होतं."