दोन कापडांचा अंधार

कॅमेरा फाटकाच्या पायरीवर आपटला आणि त्याचं मागचं झाकण उघडायला लागलं. डुफीनं झडप घालून तो उचलला, दोन्ही तळव्यांत दाबून धरला आणि तशीच आजीच्या खोलीत पळाली. पाठोपाठ तिची आई अफ्रिये आली.

दफनाहून परतलेली माणसं अंगणात मांडवाखाली टेकत होती. ढोल सुरू झाले होते. बाहेर घानातल्या कुमासी शहराचं भर दुपारचं ऊन.

"आई, झाकणाची कडी तुटलीय. हात काढला की उघडेल. आत उजेड गेला की संपलं सगळं."

"मग फिल्म गुंडाळून घे ना, दर वेळी घेतेस तशी." लेकीच्या नादापायी अफ्रियेला एवढं कळायला लागलं होतं.

"गुंडाळायची किल्लीच वाकलीय. फिरत नाही."

अफ्रिये पलंगावर मटकन बसली. सकाळपर्यंत त्याच पलंगावर तिच्या आईला अखेरच्या दर्शनासाठी ठेवलं होतं, सोन्यानं नटवून. मागे एका मयताचे फोटो दफनाआधीच गावभर फिरले होते, म्हणून कुटुंबप्रमुखांनी या वेळी सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. डुफीचा हा जुना कॅमेरा तेवढा आत येऊ दिला. "ह्याच्या पोटातलं पोटातच राहतं," म्हणाले.

आणि त्यांच्याच हुकमावरून पहाटे अंतवीमामा पलंगाच्या एका अंगाला उभे राहिले, न्सियामामा दुसऱ्या. कोकोच्या मळ्यावरून बिनसल्यापासून हे दोघे भाऊ एका अंगणात उभे राहिले नव्हते. डुफीनं बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबायच्या आत न्सियामामा निघून गेले होते.

डुफी बँकेत कामाला होती. रविवारी असले म्हातारे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडायची. "ताई, आमचे फोटो कधी दाखवणार? आम्हाला नातवंडं झाल्यावर?" भावंडं चिडवायची. ती हसायची. फोटो आलाय की नाही हे न कळता घरी जायचं, त्यातच तर तिला मजा वाटायची. आज मात्र तिनं झाकण आणखी घट्ट दाबलं.

"काळोख हवा," ती म्हणाली. "अगदी मिट्ट. चाचपून काढते मी."

त्या खोलीत काळोख कुठला? खिडकीला काचेच्या पट्ट्या, दाराचा पडदा काढलेला, पलंगावरची चादर पांढरी, जाळीची. इतकं दाबूनही झाकणाच्या कडेला केसाएवढी फट राहत होती.

अफ्रिये बाहेर गेली आणि थोरल्या भावाला, अंतवीमामांना, घेऊन आली. त्यांच्या खांद्यावरून घेतलेलं सुतकाचं कापड काळं, जाड, पायघोळ होतं.

"दादा, कापड सोड."

"डोकं फिरलं का तुझं? आईच्या दिवसाला उघडा बसू?"

"आईच आहे त्या कॅमेऱ्यात. सोड."

मामा कुरकुरले, पण त्यांनी कापड सोडलं. आखूड चड्डीवर, हाताची घडी छातीशी घालून उभे राहिले. अफ्रियेनं कापड खिडकीसमोर धरलं. विणीतून ऊन टिपक्याटिपक्यांनी आत आलं.

"एकानं भागायचं नाही."

मामांच्या लक्षात आलं. "त्याला बोलवायचं नाही."

"मग मी माझा झगा काढू?" असं म्हणून अफ्रिये खिडकीतून ओरडली, "न्सिया! आत ये. आत्ता!"

न्सियामामा उंबऱ्यात थबकले. चड्डीवर उभ्या भावाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग डुफीच्या हातांकडे. अफ्रियेनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनीही कापड सोडलं.

"ह्याचं कापड माझ्या कापडाखाली नको," अंतवीमामा बहिणीला म्हणाले.

"वर घाल गं माझं. तो मोठा ना, राहू दे खाली," न्सियामामाही तिलाच म्हणाले.

डुफी जमिनीवर बसली. तिच्यावर एक कापड पडलं, त्यावर दुसरं. तिनं डोळे ताणून पाहिलं. गुडघ्याशी उजेडाची रेघ होती.

"दाराकडून येतोय! कडा दाबून धरा!"

"तुझ्या बाजूनं येतोय," अंतवीमामांचा आवाज.

"तुझ्या."

"दोघंही गप्प बसा आणि दाबा!" अफ्रिये कडाडली.

रेघ विझली. आता डोळ्यांसमोरचा हातही दिसेना. डुफीनं तळवे सैल केले. झाकण उघडलं. घामेजली बोटं तिनं कपड्याला पुसली, फिल्म फक्त कडेनं धरली. वाकलेली किल्ली वर ओढली. निघेना. पुन्हा ओढली. कट्‌ असा आवाज झाला आणि फिल्मची डबी हातात आली. डबीची कांडी ती बोटांनी फिरवू लागली. फिल्म इंचाइंचानं आत जायला लागली. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

"कुणी हलू नका," ती पुटपुटली.

अंगणात ढोल वाजत होते.

"दादा," न्सियामामा म्हणाले, "तुझा हात माझ्या बोटांवर आहे."

"माहीत आहे."

"दुखतंय."

"उचलला तर उजेड आत जाईल."

कांडी फिरत होती.

"मग राहू दे," न्सियामामा म्हणाले.

फिल्मचं शेवटचं टोक सुटलं आणि डबीत सरकलं. पहाटेचा तो फोटो वाचला होता की नाही, हे आता फिल्म रसायनाच्या पाण्यातून धुऊन निघेल तेव्हाच कळणार होतं. डुफीनं डबी मुठीत आवळली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"किती वाळलायस रे," अंतवीमामा धाकट्या भावाला म्हणत होते.

डुफीनं तोंड मिटलं. गुडघे पोटाशी घेऊन ती त्या उकाड्यात तशीच बसून राहिली.