झडती

दुपारी जेवणं झाल्यावर आई लेकीच्या मांडीवर पाय टाकून आडवी झाली होती. डोळे मिटलेले. घरातली सगळी दारं नेहमीसारखी सताड उघडी. आठवडाभर बायकांच्या तुरुंगाच्या फाटकावर कड्याकुलुपांचा आवाज ऐकते तेवढा पुरे, घरात नको, असं तिचं म्हणणं. वाऱ्याने दारं हळूहळू मागेपुढे होत होती. घर झोपेत श्वास घेतंय असं वाटत होतं.

“हं, वाच,” आई म्हणाली.

लेकीने मोबाइलवरून वाचलं. फौजदारी न्यायव्यवस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. एक वर्ष, संध्याकाळचे वर्ग. कायदा, तुरुंगाचं कामकाज, सुटून आलेल्यांचं पुनर्वसन. फीचा आकडा तिने जरा भरभर वाचला.

“पुन्हा वाच तेवढं.”

तिने वाचलं.

“एवढ्यात स्वयंपाकघर नवं होईल. ओट्यासकट. आणि हे करून नोकरी?”

“मिळू शकते.”

“‘शकते’ला पगार किती असतो?”

लेक हसली. आईही हसली, पोट हललं, डोळे मिटलेलेच राहिले. “पण खोटं कशाला बोलू,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “मी काम शिकवलं त्या पोरी आज माझ्या साहेब आहेत. त्यांच्याकडे असाच कसलासा कागद होता.” मग पाय जवळ ओढून घेत तिने विचारलं, “तुला कशाला हवाय?”

लेकीकडे कारणं तयार होती. दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देत किती दिवस बसायचं. पगार आहे तिथेच आहे. औषधाचा वास केसांतून जात नाही. एक कारण मात्र तिने गिळलं. ते ऐकलं असतं तर आई ताडकन उठून बसली असती, माझ्या हाडाची काडं झाली तिथे, तू नको, म्हणाली असती, आणि ती दुपार तिथेच संपली असती.

“हं,” आई म्हणाली. “उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी कामावर असताना फाटकाजवळच्या बाकावर आई जरा टेकली, ती उठलीच नाही.

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा लेक आईच्या कपाटातलं सामान आणायला तुरुंगात गेली. फाटकामागे एक लांबट खोली होती. उंचावरच्या खिडकीतून आलेलं ऊन तळ्याच्या तळाशी पोचल्यासारखं हिरवट दिसत होतं. आई गेल्यापासून सगळेच आवाज तिला पाण्यातून आल्यासारखे येत होते. आईची मैत्रीण, फाटकावरची मावशी, टेबलामागून उठली.

“कपाट दाखवते. पण आधी झडती. तू असलीस तरी सूट नाही, मला फाडून खातील.”

लेकीने दोन्ही हात पसरले.

“हात खाली घे. इथे तुझ्या आईची पद्धत चालते. असेल ते आपणहून टेबलावर ठेवायचं, तोवर आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या. नंतर हात फिरवायचा तो नावापुरता. दुसऱ्याने काढलं की चोरी होते, म्हणायची. आम्ही सगळ्या हसलो होतो तिला.”

“आणि बायका ठेवायच्या?”

“ठेवायच्या की. तंबाखू, चिठ्ठ्या. एकीने तर कोंबडीची तंगडी ठेवली, गरम होती अजून.” मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “शेवटच्या दिवशी सकाळभर डोकं खाल्लं तिने आमचं. तुझ्या त्या कोर्सवरून. साहेबांना विचारलं, येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांना अडवून विचारलं. साहेब म्हणाल्या, मुलाखतीला बोलावणं येतं, एवढंच. वकील म्हणाले, पैसे पाण्यात.”

“आणि आई?”

“म्हणाली, हिशोब काही जमत नाही. पण पोरगी सगळी कारणं दवाखान्यातलीच सांगते. काहीतरी लपवतेय. ते तिने आपणहून बाहेर काढलं ना, तर ओटा गेला खड्ड्यात, फी मी भरते.”

मावशीने भिंतीकडे तोंड केलं.

“ठेव. सावकाश ठेव.”

लेकीने किल्ल्या ठेवल्या. मोबाइल, पाकीट, केसांची पिन. हात रिकामे झाले तरी मावशी वळली नाही. उन्हात धूळ तरंगत होती, खाली बसत नव्हती. समोर गणवेशातली रुंद पाठ होती. ती कुणाची आहे ते त्या उजेडात क्षणभर नीट कळेना.

“मला तुझंच काम हवं होतं, आई,” ती मोठ्याने म्हणाली. “लहानपणापासून.”