सदतीस दिवसांचं औषध

"म्हणजे त्या औषधानंच झालं का हे?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. समोर पाच वर्षांची चिमी अनवाणी पाय हलवत बसली होती. आत्ताच त्यांनी तिच्या तळव्याला टाचणी टोचून पाहिली होती. तिनं पाय ओढून घेतला नव्हता. गेल्या आठवड्यात गरम इस्त्रीवर हात टेकवला, तेव्हाही ती गप्पच होती. करपल्याचा वास आला म्हणून आईला कळलं.

"सातव्या महिन्यातला जन्म. किलोभरही वजन नव्हतं," डॉक्टर फाईल चाळत म्हणाले. "आतड्याची तीन ऑपरेशनं, आणि सदतीस दिवस वेदना मारायचं औषध. इतक्या कोवळ्या मज्जातंतूंवर त्याचा परिणाम होऊ शकतो. ऑपरेशनांचाही होऊ शकतो, लवकर जन्मण्याचाही. नेमकं कशानं झालं, ते मला सांगता येणार नाही."

"मीच तुमच्या मागे लागले होते. काहीही करा, पण तिचं रडणं थांबवा म्हणून."

"तुम्ही म्हणाला नसतात, तरी मी दिलंच असतं. एवढ्याशा जिवाला तसंच कसं सोसू द्यायचं?"

आईला ते पटलं. तरी मनावरचं ओझं तसूभर हललं नाही. तिनं मुलीच्या पायांत मोजे-बूट चढवले आणि उठली.

बस नुकतीच गेली होती. शिवणकामाच्या दुकानातून तिला दुपारपर्यंतचीच सुट्टी होती, म्हणून दोघी चालतच निघाल्या. तिसऱ्या चौकात आईची नजर खाली गेली. चिमीचा पांढरा मोजा घोट्यापाशी लाल झाला होता.

तिनं तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. बूट काढला. नव्या बुटानं टाचेचं कातडं सोलून निघालं होतं.

"कधीपासून गं हे?"

चिमीनं टाचेकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे.

"आई, हे दुखतं का?"

आई तिच्या शेजारी बसली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतं."

"मग काय करायचं?"

"असं लाल दिसलं की थांबायचं. आणि मोठ्यानं म्हणायचं, आई गं."

चिमी एका पायावर उभी राहिली. वर्गात कविता म्हणायला उभी राहते तशी, हात मागे बांधून, मान ताठ करून.

"आई गं," ती स्पष्ट आवाजात म्हणाली.

"ओ," आई म्हणाली.